सिगारेट सोडताना घरच्यांनी आणि मित्रांनी नेमकी कोणती मदत करावी?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रावेर तालुक्यात केळीची शेती, वय ३८, दिवसाला १२ ते १४ सिगारेटी, शिवाय रात्रीच्या लाईटीला मोटर चालू करायला गेलं की बिडी. याआधी दोनदा सोडली आणि दोन्ही वेळा दीड-दोन महिन्यांत परत लागली. घरचे मागे लागतात, मित्र हसतात. दुसऱ्यांच्या आधाराने खरंच सुटते का, आणि सुटत असेल तर कोणाला काय सांगायचं?

सुटते. फक्त 'हिंमत ठेव, तुला जमेल' हे वाक्य रात्री दोन वाजता विहिरीवर कामाला येत नाही. आधार मागायचा तर प्रत्येकाला एक ठरावीक काम द्या आणि त्याने काय करायचं नाही तेही सांगून टाका. चार माणसं पुरतात. गावभर जाहीर करण्याच्या मी विरुद्ध आहे. एखादी चुकून ओढली गेली की माणूस लाजेने लपवायला लागतो, आणि लपवालपवी सुरू झाली की आधार तिथेच संपतो.

कोणाला काय सांगायचं ते ठरवण्याआधी चार-पाच दिवस खिशात छोटी वही ठेवा. प्रत्येक सिगारेट पेटवण्याआधी वेळ, जागा आणि सोबत कोण एवढंच लिहायचं. कमी करायचा प्रयत्न तेव्हा नको. तुमच्याकडचा नमुना बहुधा असा निघेल: सकाळचा चहा आणि त्यापाठोपाठ संडासची वेळ, टपरी, जेवणानंतर, केळीची गाडी लागायची वाट बघताना, आणि रात्रीचं शेत. जिथे दोन-तीन नावं परत परत येतात, ती तुमची महत्त्वाची माणसं. तुम्हाला कोणाची मदत लागणार हे ही वही सांगते, नातं सांगत नाही.

तारीख दहा-चौदा दिवस पुढची धरा आणि त्या दिवशी पूर्ण बंद करा. रोज एक-एक कमी करत जाणं ऐकायला सोपं वाटतं, पण २०१६ साली इंग्लंडमध्ये झालेल्या एका तुलनेत एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के आणि दोन आठवड्यांत हळूहळू कमी करून सोडणाऱ्यांपैकी ३९ टक्के लोक चार आठवड्यांनंतर टिकलेले होते. दोन्ही गटांना निकोटीनची औषधं आणि समुपदेशन होतं, हे लक्षात ठेवा. तारीख भरीत पार्ट्यांच्या मोसमात, घरच्या लग्नात किंवा आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) पत्त्यांच्या दिवसांत नको. मात्र अगदी मोकळा महिना शोधत बसलात तर तो येणार नाही.

आता वहिनींचं काम. आदल्या रात्री घरातली काडीपेटी (देवघरातली आणि चुलीजवळची सोडून), लायटर, पाकिटं, गाडीच्या डिकीतली बिडीची बंडलं हे सगळं दोघांनी मिळून काढायचं. त्यानंतर खिसे तपासणं नाही, तोंडाचा वास घेणं नाही. 'आज ओढली का?' हा प्रश्न घरातून हद्दपार करा, कारण त्याचं सोपं उत्तर खोटं असतं. त्याऐवजी रोज रात्री जेवताना एकदाच विचारायचं, 'आज कोणती वेळ जड गेली?' त्याचं उत्तर देता येतं, आणि दुसऱ्या दिवसाची तयारीही त्यातूनच होते. चिडचिडीबद्दल आधीच बोलून घ्या. निकोटीनची ओढ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जोरात असते, दोन ते चार आठवड्यांत बरीच ओसरते. तेवढ्या काळात शेताचे हिशोब, भावकीचे वाद आणि पाहुण्यांची ये-जा जमेल तितकी पुढे ढकला. आणि मुलांना पहारेकरी करू नका. 'पप्पांना ओढताना पाहिलं तर सांग' हे काम आठ वर्षांच्या पोराचं नाही.

सोबत ओढणारा मित्र सगळ्यात अवघड. तो हसतो, कारण तुम्ही सोडलीत की त्याची सोबत जाते. त्याला उपदेश करू नका, तीनच गोष्टी मागा: मला देऊ नको, माझ्या हातात धरायला देऊ नको, आणि महिनाभर माझ्यासमोर पेटवायची असेल तर दहा पावलं लांब जा. जमल्यास त्यालाच सोबत घ्या. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९७१ ते २००३ या काळात १२ हजारांवर लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. नवरा-बायकोपैकी एकाने सोडली तर दुसऱ्याने ओढण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी कमी झालेली दिसली, मित्राने सोडली तर ३६, छोट्या ठिकाणच्या सहकाऱ्याने सोडली तर ३४ आणि भावंडाने सोडली तर २५ टक्क्यांनी. शेजाऱ्याने सोडल्याचा मात्र काही परिणाम आढळला नाही. म्हणजे गल्लीतल्या कोणी सोडली त्यापेक्षा टपरीवर रोज ज्याच्यासोबत उभे राहता त्याने सोडली, हे तुमच्या जास्त कामाचं.

तिसरा माणूस फोनवाला. शक्यतो ज्याने स्वतः सोडली आहे आणि जो रात्रीही फोन उचलतो असा. नियम एकच: फोन पेटवण्याआधी करायचा, नंतर नाही. तलफेची लाट साधारण तीन ते पाच मिनिटं टिकते आणि तुम्ही ओढली नाही तरी उतरते. तेवढा वेळ त्याने केळीचा भाव, कापसाचा भाव, लाईट कधी येणार, काहीही बोलावं. धूम्रपानाचे तोटे सोडून. तोटे तुम्हाला पाठ आहेत. रात्री शेतात रेंज नसेल तर त्या पाच मिनिटांत करायचं काम आधी ठरवून ठेवा: लॅटरल (ठिबकच्या नळ्या) तपासत एक चक्कर, तोंडावर पाणी, दोन घोट ताक. आणि विहिरीवरच्या खोलीत बिडी-काडी ठेवायचीच नाही. गावापर्यंत यायला लागणारी वीस मिनिटं हा तिथे तुमचा सगळ्यात भरवशाचा सोबती आहे.

चौथा टपरीवाला, आणि त्याला लोक विसरतात. उधारी पूर्ण चुकती करा, वहीतलं तुमचं खातं बंद करायला सांगा आणि त्याच्या तोंडावर म्हणा, 'मी मागितली तरी देऊ नको.' सुट्या सिगारेटी-बिड्यांच्या विक्रीवर महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, पण मागे पडणारा माणूस जवळजवळ नेहमी 'फक्त एक' अशा सुट्या सिगारेटीनेच पडतो. पाकीट विकत घ्यायला मन तयार होत नाही, एक मागायला होतं.

पैशाची पैज लावायची का? फिलिपिन्समध्ये लोकांना सहा महिने स्वतःचेच पैसे खात्यात ठेवायला दिले होते. शेवटी लघवीची तपासणी पास झाली तर पैसे परत, नाही तर दान. फरक फार मोठा पडला नाही, पण वर्षानंतर अचानक घेतलेल्या तपासणीतही तो टिकला. तुमची भिशी असेल तर त्यातल्या दोघा-तिघांकडे सिगारेटीवर आठवड्याला जाणारी रक्कम जमा करत जा. सहा महिन्यांनी परत मिळेल किंवा गावच्या शाळेला जाईल. एक अडचण सांगून ठेवतो: निकोटीनचा गम चालू असेल तर लघवीत कोटिनीन (निकोटीनपासून शरीरात तयार होणारा पदार्थ) दिसणारच, त्यामुळे ती तपासणी गम थांबल्यानंतरच घ्या.

गमचं आता नीट वाचा, कारण 'गम खाल्ला, काही उपयोग झाला नाही' असं म्हणणाऱ्या बहुतेकांनी तो च्युइंगगमसारखा चघळलेला असतो. तो दोन ताकदींचा येतो, २ आणि ४ मिलिग्रॅम. झोपेतून उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली ओढत असाल तर ४, नाही तर २. दोनचा मेडिकलवर चिठ्ठीशिवाय मिळतो, चारच्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. हळूहळू चावायचं, तोंडात मिरीसारखी चुणचुण आली की थांबायचं आणि गाल व हिरडी यांच्यामध्ये ठेवायचा. चुणचुण गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावून जागा बदलायची. असा एक गम अर्धा तास. भराभर चावला तर निकोटीन थुंकीबरोबर पोटात जातं, तिथून नीट लागू पडत नाही आणि वर उचकी, मळमळ, घशात जळजळ. चहा, कॉफी, लिंबू सरबत यांच्यानंतर पंधरा मिनिटं गम घेऊ नका. तोंडात आंबटपणा असला की निकोटीन शोषलं जात नाही. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, म्हणजे दिवसाला निदान आठ-नऊ. पुढचे तीन आठवडे दर दोन ते चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे दर चार ते आठ तासांनी. दिवसाला २४ च्या वर कधीच नाही. तलफ आल्यावर घेण्यापेक्षा घड्याळ बघून घ्या. ही आठवण करून देणंही वहिनींना देता येईल.

नुसत्या गमने भागत नसेल तर डॉक्टरांना विचारून त्यासोबत निकोटीनचा पॅच लावता येतो, आणि दोन्ही मिळून एकट्यापेक्षा चांगले लागू पडतात. दिवसाला दहापेक्षा जास्त ओढणाऱ्याला साधारण २१ मिलिग्रॅमपासून सुरुवात करून पुढे १४ आणि ७ वर आणतात. आपल्याकडच्या वैशाखात घामाने पॅच सुटतो, म्हणून अंघोळीनंतर दंड पूर्ण कोरडा करून, केस नसलेल्या जागी लावा आणि जागा रोज बदला. ब्युप्रोपिऑन आणि व्हरेनिक्लिन या गोळ्याही आहेत. त्या सोडायच्या तारखेच्या आठवडा-दीड आठवडा आधी सुरू कराव्या लागतात, आणि ज्याला कधी फिट आली असेल त्याला ब्युप्रोपिऑन चालत नाही. हृदयविकार असेल तर गमसुद्धा विचारून.

सोडल्यावर चहाचं काय होतं हे फार कोणी सांगत नाही. धुरामुळे यकृत कॅफिनचा निचरा भराभर करतं. धूर थांबला की तो वेग मंदावतो आणि तेवढ्याच चहातून अंगात कॅफिन जवळपास दुप्पट साठतं. धडधड, हाताला कंप, झोप न येणं, आणि मग माणूस म्हणतो की सिगारेट सोडून तब्येत बिघडली. तारखेपासून चहा अर्धा करा, दुपारी चारनंतर बंद. याच कारणाने दम्यासाठी डेरिफायलिन किंवा थिओफायलिन चालू असणाऱ्याने सोडण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं, कारण त्या औषधाचंही रक्तातलं प्रमाण वाढतं. मधुमेह असेल तर साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा.

पोट साफ होत नाही, ही सकाळच्या सिगारेटीची सवय असणाऱ्यांची ठरलेली तक्रार. रात्री इसबगोल, सकाळी कोमट पाणी, भरपूर भाजी. दोन-तीन आठवड्यांत बसतं. तोंडाला चाळा म्हणून बडीशेप, लवंग, फुटाणे ठीक. सुपारी नको, ती तंबाखूशिवायही कॅन्सर करते. सिगारेट सोडून बिडीवर येणं म्हणजे तर तोट्याचाच सौदा. टेंभुर्णीच्या पानात हवा कमी खेळते, बिडी विझू नये म्हणून जास्त आणि जोरात झुरके घ्यावे लागतात, शिवाय फिल्टर नाही. चुना-तंबाखूने निकोटीन चालूच राहतं. ई-सिगारेटवर देशात २०१९ पासून बंदी आहे.

तुम्ही दोन्ही वेळा दीड-दोन महिन्यांत घसरलात, म्हणजे शरीराची ओढ संपल्यावर. तिथे कारण बहुधा प्रसंग असतो. बाहेरगावी कोणाच्या दारावर (सांत्वनाला) गेलं की ताटात बिडी-सुपारी पुढे येते आणि नको म्हणणं अपमान वाटतो. वाक्य आधी घोकून ठेवा, अगदी आपल्या बोलीत: 'माले नको, भो. सोडी दिधी मी.' 'कमी केली', 'डॉक्टर नको म्हणाले' असलं काही नको, त्यावर समोरचा 'एकीने काय होतं' म्हणतो. अशा ठिकाणी जाताना सोबत चौघांपैकी एक जण असावा. आणि एखादी ओढली गेलीच, तर त्याच दिवशी फोनवाल्याला कळवायचं. त्याने विचारायचं ते एवढंच: कुठे, कोणासोबत, उरलेल्या कुठे आहेत? उरलेल्या फेकल्या की प्रसंग संपला. पुन्हा नवी तारीख धरू नका. नवी तारीख येईपर्यंत पाकीट संपतं.

चौघांत फोनवाला मिळाला नाही तर १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ, सोमवारी बंद. ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल दिला तर मोबाईलवर संदेश येत राहतात. जळगाव, धुळे, नंदुरबार कुठल्याही सिव्हिलमध्ये गेलात तर तंबाखूमुक्तीच्या समुपदेशनाची सोय विचारा, आणि वहिनींना किंवा त्या मित्राला सोबत न्या, म्हणजे त्यांची कामं त्यांना तिसऱ्या माणसाच्या तोंडून कळतील.

सोडल्यावर पहिले काही आठवडे खोकला आणि कफ वाढू शकतो. श्वासनलिकेतले बारीक केस पुन्हा काम करायला लागून घाण बाहेर ढकलतात. घरचे घाबरून 'सोडू नको, सवय झालीये शरीराला' म्हणतात, त्यांना हे आधीच सांगून ठेवा. पण खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला, ताप राहिला, वजन उतरलं किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर सोडण्याच्या खात्यावर टाकू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकीची टीबीची तपासणी मोफत होते, ती करून घ्या आणि छातीचा एक्स-रे काढायचा का ते तिथल्या डॉक्टरांना विचारा.