रोज तासभर सराव करूनही इंटरप्रिटिंग (ऐकलेल्याचं तोंडी भाषांतर) सुधारत का नाही?

बहुतेक तुम्ही नुसतं भाषण लावून बोलत सुटता, त्याने सवय होते पण चुका त्याच राहतात. एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये डेलिबरेट प्रॅक्टिसबद्दल जे मांडलं ते थोडक्यात हेच, कच्ची बाजू हेरून तिच्यावरच काम करायचं. आकडे निसटतात ना (सगळ्यांचेच निसटतात हो), मग आठवडाभर फक्त आकडेच, पाच मिनिटांचं भाषण घ्या, स्वतःचं रेकॉर्ड करा, मूळ भाषणाशी ताडून बघा कुठे गाळलं आणि का, नीट ऐकू आलं नाही, शब्द सुचला नाही की आधीच्याच वाक्यात अडकलात, आणि मग तेच भाषण परत करा. स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकायला जाम नको वाटतं पण टाळू नका. शॅडोइंग, म्हणजे ऐकलेलं त्याच भाषेत मागोमाग बोलत जाणं, वॉर्मअपपुरतं ठीक, त्यात भाषा बदलतच नाही.