निकालाचा नकाशा पाहून अंदाज का चुकतो?

निवडणूक निकालाचा रंगीत नकाशा पाहून मनात बसलेलं चित्र आणि प्रत्यक्ष जागांचा आकडा जुळत का नाही, असं तुम्ही विचारलंय. डोळा जागा मोजत नाही, रंग किती पसरलाय ते पाहतो.

महाराष्ट्राचंच घ्या. लोकसभेच्या ४८ जागांपैकी ६ मुंबईत, म्हणजे आठातली एक. पण राज्याच्या ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटरमध्ये मुंबई जेमतेम ६०० चौरस किलोमीटरची. मोबाइलवर तिच्या सहाही जागा बोटाखाली झाकल्या जातात आणि एकटा गडचिरोली-चिमूर पूर्वेचा अख्खा कोपरा रंगवतो.

म्हणून प्रत्येक मतदारसंघाला सारखाच षटकोन द्यावा. यात शेजार बिघडतो: मुंबई फुगते, ठाणे-पालघर ढकलले जातात, वाचकाला आपला मतदारसंघ सापडेनासा होतो. त्यासाठी नावाने शोधायची सोय हवीच, आणि नेहमीचा नकाशा बटणामागे ठेवावा. उलट करू नये. आधी दिसतं तेच लक्षात राहतं.

रंगाची फसगत मला जास्त गंभीर वाटते. २०२४ मध्ये मुंबई उत्तर-पश्चिमचा निकाल ४८ मतांनी लागला, इंदूरचा पावणेबारा लाखांनी. नकाशात दोन्हीकडे सारखाच गडद रंग. मताधिक्याच्या टक्केवारीप्रमाणे छटा द्याव्यात: ५ टक्क्यांच्या आत फिकट, १५ पर्यंत मध्यम, त्यापुढे गडद. मात्र आपल्याकडे भाजप आणि दोन्ही शिवसेना भगव्याच्या जवळपासचे रंग वापरतात. छटा फिकट केल्या की कोण कुठला ते कळत नाही. तेव्हा छटांचा नकाशा पक्षवार न करता आघाडीवार करावा, दोनच मूळ रंगांत. लाल-हिरवी जोडी टाळावी, रंगांधळेपण असलेल्या अनेकांना ती वेगळी ओळखता येत नाही.

नकाशाऐवजी स्तंभालेख दिला तरी काय वगळलं ते बघावं लागतं. २०२४ मध्ये राज्यात काँग्रेसला १३ जागा, भाजपला ९. मतं मात्र काँग्रेसला सुमारे १७ टक्के, भाजपला २६. फक्त जागा दाखवल्या तर एक पक्ष वरचढ दिसतो, फक्त मतं दाखवली तर दुसरा. दोन्ही आकडे खरे आहेत. उलगडा तिसऱ्या आकड्यात आहे: भाजपने २८ जागा लढवल्या, काँग्रेसने १७. लढवलेल्या जागा, जिंकलेल्या जागा आणि मतांची टक्केवारी असे तीन लहान आलेख शेजारी-शेजारी द्यावेत, प्रत्येकाचा अक्ष शून्यापासून. मोबाइलवर ते एकाखाली एक येतात, तिथे लढवलेल्या जागा सर्वात वर ठेवाव्यात.