छताला कुणाची जर्सी टांगावी?

प्रिय मित्रा,

विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातल्या थोर खेळाडूंच्या जर्सी मानाने छताला टांगून निवृत्त करणाऱ्या समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून तुला घेतलं, फार आनंद झाला. पहिल्याच बैठकीत गुणांचे तक्ते पुढ्यात येतील. ते नीट वाच, पण निर्णय त्यांच्यावर सोडू नकोस.

अमेरिकेत पीट मॅराविच यांनी लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडून तीनच हंगामांत ३,६६७ गुण केले, तेही लांबच्या फेकीला तीन गुण देणारी रेषा नसताना. केटलिन क्लार्कने आयोवा विद्यापीठाकडून ३,९५१ केले. अशा नावांवर वाद होत नाही.

मला पेरी वॉलेस महत्त्वाचे वाटतात. १९६७ मध्ये ते व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या मुख्य संघातून उतरले. साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या विद्यापीठांच्या साखळीत, असं खेळणारे ते पहिले कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू. दक्षिणेतल्या मैदानांवर शिव्या आणि धमक्या ऐकत ते खेळले, इंजिनिअरिंगची पदवीही घेतली. १९७० मध्ये शेवटच्या सामन्यानंतर त्यांनी तिथला एकटेपणा वर्तमानपत्राला मोकळेपणाने सांगितला, तर व्हँडरबिल्टचीच माणसं दुखावली. त्यांची २५ क्रमांकाची जर्सी निवृत्त झाली २००४ मध्ये! तोवर ते कायद्याचे प्राध्यापक झाले होते. त्यांच्याहून जास्त गुण करणारे पुष्कळ होते. पण त्यांनी उघडलेल्या दारातून पुढे किती पिढ्या आत आल्या, हे कोणत्या तक्त्यात मांडणार?

केंटकी विद्यापीठाच्या संघातले चौघे खेळाडूही असेच. संघावर बंदी आली, चांगले खेळाडू सोडून गेले, हे राहिले. एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये त्यांचं नाव झालं नाही, तरी १९९२ मध्ये केंटकीने चौघांच्याही जर्सी टांगल्या. मला तो निर्णय शंभर टक्के पटतो. खेळाडू पुढे किती मोठा झाला यापेक्षा तो नसता तर आपल्या संघाचं काय झालं असतं, हे विचार.

क्रमांक कायमचा बंद करायचा की फक्त जर्सी टांगायची, हेही आधी ठरवून घ्या. पंच बोटांनी क्रमांक दाखवतात, म्हणून विद्यापीठांच्या सामन्यांत २०२३ पर्यंत क्रमांकात ० ते ५ हेच अंक चालत आणि क्रमांक पटकन संपत. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात राष्ट्रीय पातळीवर वर्षातला सर्वोत्तम ठरलेल्याचाच क्रमांक बंद होतो, इतरांची जर्सी मानाने टांगतात. हा मार्ग मला योग्य वाटतो.

आणि उशीर करू नका. विल्ट चेंबरलेन यांची जर्सी कॅन्ससने १९९८ मध्ये टांगली, विद्यापीठ सोडून चाळीस वर्षं झाल्यावर. १९५७ च्या अंतिम सामन्यातली एका गुणाची हार ते तोवर मनात बाळगून होते. पुढच्याच वर्षी ते गेले. तुझ्या यादीत सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल, तर ते नाव पहिल्याच बैठकीत मांड.

तुझा,
काका