पूल वरून चकाचक, खालून काय?

प्रश्न: आमच्या स्टेशनजवळच्या पुलावर सारखं नवीन डांबर पडतं, रंग मारतात, पण खालून प्लास्टरचे तुकडे पडतात आणि सांध्यातून पिंपळ उगवलाय. विचारलं तर 'ऑडिट (मजबुतीची तपासणी) झालंय' म्हणतात. मग निर्धास्त राहायचं का?
– एक वाचक, परळ

उत्तर: अहो, पिंपळ उगवला म्हणजे तिथे पाणी मुरतंय, आणि पुलाचा खरा वैरी तेच. पाणी जायची पाइपं गुटख्याच्या पुड्यांनी तुंबतात, मग पाणी एक्स्पान्शन जॉइंटमधून, म्हणजे उन्हात पूल फुगायला ठेवलेल्या फटीतून, खाली बेअरिंगवर, म्हणजे खांबावर पूल टेकतो त्या उशीवर, उतरतं, त्यात आपली खारी हवा, आतली सळई गंजून फुगते आणि काँक्रीट सुटून पडतं, ते प्लास्टर नव्हेच बरं का. जुना थर न खरवडता डांबर टाकत राहिलं तर पुलावर फुकटचं वजन वाढतं ते वेगळंच.

ऑडिटचं म्हणाल तर सीएसएमटीजवळचा हिमालय पूल किरकोळ दुरुस्ती सांगून पास केला होता, १४ मार्च २०१९ ला कोसळला. बेअरिंग, जॉइंट पुलाआधी म्हातारे होतात, मध्ये बदलावेच लागतात, त्याचा पैसा पूल बांधतानाच धरायला हवा, पण बेअरिंग बदलल्याची फीत कोण कापणार!

तुम्ही तारखेसकट फोटो काढून वॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. रुळांवरचा भाग रेल्वेकडे असू शकतो, म्हणून एक कॉपी तिकडेही. आणि पिंपळ नुसता छाटून जातील तर अडवा, मूळ आत राहिलं की पुढच्या पावसाळ्यात परत हजर.