बंदराच्या गावात पहिलं घर घेताय? आधी एवढं बघा

घाई करू नका. बरेच जण सुट्टीत येतात, बोटी आणि मावळता सूर्य बघून तिथल्या तिथे टोकन देऊन टाकतात, हीच सगळ्यात मोठी चूक. आधी भाड्याने राहा, तेही सीझन संपल्यावर, कारण आजूबाजूची घरं बंद झाली की गाव कसं वाटतं, डॉक्टर, दुकानं चालू असतात का, हे तेव्हाच कळतं.

मग पाणी. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरतीच्या वेळी मुद्दाम जा, रस्त्यावर, पार्किंगमध्ये पाणी चढतं का बघा. आणि विम्याचा कोट टोकनच्या आधीच घ्या, त्यात पूर धरलेला आहे का, ते नीट विचारून घ्या.

खारी हवा तर घर खाते हो! मीठ काँक्रीटमधल्या सळईपर्यंत पोचलं की ती गंजून फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात, म्हणून बाल्कनीची खालची बाजू नीट बघा, रंगावर जाऊ नका. बाहेरच्या रेलिंगला ३०४ नाही, ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील लागतं.

मला विचाराल तर पाण्यापासून दुसऱ्या रांगेतलं घर बघा, वाऱ्याचा, मिठाचा मारा जरा कमी.

बोटीच्या जागेचं वगैरे नंतर बोलू, आत्ता डोक्याला ताप नको. मस्त घर मिळेल, निवांत शोधा.