ट्रिगर, स्प्रिंग आणि ५०० ग्रॅम : नेमबाजांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी दोन वर्षांपासून १० मीटर एअर पिस्तूल खेळते. पावसाळा सुरू झाल्यापासून ट्रिगर जड लागतो म्हणते. हलकी स्प्रिंग बसवली तर सुटेल का? घरी जमण्यासारखं काम आहे का?
— एक पालक, मुलुंड

उत्तर : स्प्रिंग थकली की ट्रिगर हलका होतो, जड होत नाही. त्यामुळे तुमच्या तक्रारीत स्प्रिंगचा दोष असण्याची शक्यता सगळ्यात कमी आहे. जड ट्रिगरवर हलकी स्प्रिंग बसवली तर मूळ अडचण तशीच राहील आणि वजन, म्हणजे ट्रिगर ओढायला लागणारा जोर, मात्र नियमाखाली जाईल. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम असावंच लागतं.

आधी मोजा. सामान तोलायचा हूकवाला काटा या कामाचा नाही, कारण तो हाताचा झटकाही मोजतो. प्लास्टिकची छोटी बाटली घ्या, तिला तारेचा हूक लावा आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर हूकसकट बरोबर ५०० ग्रॅम भरेपर्यंत वाळू घाला. पाणी नको, ते हिंदकळतं. हूकचा ट्रिगरवर टेकणारा भाग आडवा आणि सरळ असू द्या. नळीत छर्रा नाही हे डोळ्यांनी पाहा. मग हवेने भरलेलं सिलिंडर लावून पिस्तूल कॉक करा (ताणून सुटायच्या तयारीत ठेवा), नळी सरळ वर धरा, वर किंवा समोर कोणी नाही याची खात्री करा. हूक ट्रिगरच्या मधोमध अडकवा आणि बाटली जमिनीवरून सावकाश उचला. सिलिंडर रिकामं ठेवून मोजू नका. स्पर्धेतली तपासणीही हवेचा दाब चालू ठेवूनच होते. हूक मध्यापासून खाली, टोकाकडे सरकला तर तरफेची लांबी वाढते आणि तेच पिस्तूल हलकं भासतं. घरी पास आणि रेंजवर नापास होण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

बाटली उचलली गेली की चिमूटभर वाळू वाढवत जा. ५२०-५३० ग्रॅमला ट्रिगर सुटला तर वजन योग्य आहे आणि मुलीच्या बोटाला जे जड लागतं ते घर्षण आहे. ६०० च्या पुढे गेलं तर आधी ट्रिगर स्टॉपचा स्क्रू बघा. शॉट सुटल्यावर ट्रिगर किती मागे जावा हे तो ठरवतो. हा स्क्रू हादऱ्यांनी फिरून पुढे आला की सिअर (ठोका मारणाऱ्या भागाला अडवून धरणारा खटका) पूर्ण सुटायच्या आतच ट्रिगर अडतो. मग बोट जोर लावतं, कधी शॉट सुटतो, कधी सुटतच नाही. पाव फेरा मागे घ्या आणि पुन्हा मोजा. एका वेळी एकच स्क्रू फिरवा आणि किती फिरवला ते वहीत लिहा. दोन स्क्रू एकदम फिरवले की मूळ जागा परत सापडत नाही.

यानंतर सफाई. मुंबईच्या दमट हवेत जुनं तेल चिकट होतं, त्यात धूळ बसते आणि सिअरच्या कडेवर गोंदासारखा थर तयार होतो. ट्रिगर युनिट तेलाच्या स्प्रेने भिजवणं हा त्यावरचा सगळ्यात वाईट उपाय, कारण पुढच्या महिन्यात थर दुप्पट होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओला केलेला कापसाचा बोळा काडीला गुंडाळून पुसा, वाळू द्या, मग फिरणाऱ्या पिनांवर सुईच्या टोकाने पातळ तेलाचा एकेक थेंब. रबरी सीलना अल्कोहोल लागू देऊ नका. सिअरच्या कडेला पॉलिश पेपर तर चुकूनही लावू नका. तिथे केसाएवढा कोन बदलला तरी पिस्तूल धक्क्याने सुटू शकतं. आणि रेंजवरून आल्यावर पिस्तूल पेटीतल्या फोममध्ये तसंच बंद करू नका. फोम दमटपणा धरून ठेवतो. तासभर पंख्याखाली ठेवून मग सिलिका जेलच्या पुडीसकट बंद करा.

वजन ५१० ते ५२० ग्रॅमवर ठेवा. नेमकं ५०० वर ठेवलेला ट्रिगर तपासणीच्या दिवशी दगा देतो. आणि दोन टप्प्यांच्या ट्रिगरमध्ये साधारण साडेतीनशे-चारशे ग्रॅम पहिल्या टप्प्यावर घेतले, तर शेवटच्या टप्प्याला शंभर-दीडशेच उरतात. एकूण वजन तेच राहतं, पण बोटाला ट्रिगर खूप हलका वाटतो. मुलीला बहुधा हेच हवं आहे.

प्रश्न : कंपनीची ट्रिगर स्प्रिंग मागवायला महाग पडते आणि वेळही लागतो. नागदेवी स्ट्रीटवर नमुना दाखवून करून घेतली तर? किंवा जुनीच दोन वेढे कापून वापरली तर?
— एक वाचक, दादर

उत्तर : कापू नका. वेढे कमी झाले की स्प्रिंग आखूड होते, त्यामुळे सुरुवातीचा ताण कमी होतो आणि पहिल्या क्षणी ट्रिगर हलका वाटतो. पण उरलेला प्रत्येक वेढा जास्त दबतो, म्हणजे स्प्रिंग प्रत्यक्षात कडक झालेली असते. दहा वेढ्यांतले दोन कापले तर कडकपणा सव्वापट. ओढीच्या शेवटी, म्हणजे नेम धरलेल्या नेमक्या क्षणी, ट्रिगर जड होत जातो. शिवाय कापलेलं टोक सपाट बसत नाही, आपल्या खोबणीत रुततं आणि स्प्रिंग वाकडी दबते.

नागदेवीला उत्तम स्प्रिंगा होतात, पण नमुना नजरेने जुळवून चालत नाही. कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो. ०.५ मिलिमीटरऐवजी ०.६ ची तार घेतली तर, बाकी सगळं तसंच ठेवूनही, स्प्रिंग दुपटीहून कडक होते. तार मायक्रोमीटरने मोजा. बाहेरचा व्यास, एकूण वेढे, मोकळी लांबी आणि टोकं घासून सपाट केली आहेत का, हे सगळं लिहून द्या. गंजाला भिऊन बरेच जण स्टेनलेसची करून घेतात. कल्पना चांगली आहे, फक्त त्याच मापाची स्टेनलेस स्प्रिंग साध्या स्प्रिंग स्टीलपेक्षा साधारण दहावा हिस्सा मऊ निघते. स्प्रिंग ४०० ग्रॅम देत असेल तर चाळीस ग्रॅम गेलेच. समायोजनाच्या स्क्रूमध्ये तेवढी जागा आहे का, ते आधी बघा.

प्रश्न : क्लबच्या .२२ स्पोर्ट पिस्तुलाचा ट्रिगर १३०० ग्रॅमचा आहे. २५ मीटरला १००० चालतो. हॅमरची (काडतुसावर ठोका मारणाऱ्या घोड्याची) हलकी स्प्रिंग टाकून तो उतरवता येईल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : हे काम स्वतः करू नका. .२२ हे अग्निशस्त्र आहे आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार अग्निशस्त्राची दुरुस्ती हे परवानाधारकाचं काम आहे. क्लबच्या शस्त्राला तर क्लबच्या परवानगीशिवाय स्क्रूड्रायव्हरही लावू नये.

पण आर्मररशी, म्हणजे शस्त्र दुरुस्त करणाऱ्याशी, बोलताना हे माहीत असू द्या. हॅमरची स्प्रिंग सिअरवर दाब देते, म्हणून ती हलकी केली की घर्षण घटतं आणि ट्रिगर उतरतो, हे खरं आहे. पण हीच स्प्रिंग काडतुसाच्या कडेवर ठोकाही मारते. .२२ च्या काडतुसात स्फोटक मिश्रण बुडाच्या कडेत असतं, ती कड चिरडली गेली तरच काडतूस पेटतं. ठोका कमी पडला की काडतूस फुसकं जातं, तेही दहातलं एखादंच, म्हणून सरावात कळत नाही. सिअरची स्प्रिंग हलकी करणं त्याहून धोक्याचं. स्लाइड (गोळी सुटल्यावर मागेपुढे होणारा भाग) आदळल्यावर सिअर वेळेत परत खाचेत बसला नाही, तर ट्रिगर न ओढता दुसरी गोळी सुटते. त्यामुळे या दोन्ही स्प्रिंगा मूळच्याच ठेवायला सांगा. ट्रिगरच्या परतीच्या स्प्रिंगमधून आणि स्क्रूमधून जेवढं उतरेल तेवढंच उतरवा. १०५० ला स्वच्छ सुटणारा ट्रिगर मिळाला तर तिथेच थांबा.

प्रश्न : स्पर्धा पंधरा दिवसांवर आहे. नवी मूळ स्प्रिंग हातात आली आहे. आत्ता बदलू की नंतर?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : जुनीवर वजन ५०० च्या वर टिकत असेल तर नंतर. टिकत नसेल तर आजच बदला, उद्याची वाट बघू नका. नवी स्प्रिंग सुरुवातीला थोडी बसते, म्हणून दोन-तीनशे वेळा ड्राय फायर (छर्रा न घालता ट्रिगर ओढणं) करून पुन्हा मोजा, आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी आणखी एकदा. जुनी स्प्रिंग टाकू नका. एका पुडीत, नाव लिहून, पेटीत ठेवा.