मिठाला जागणं आणि मिंधं असणं

एका लेखिकेचा प्रश्न आहे. त्यांच्या कथेतले साहेब लाच घेताना सापडून निलंबित होतात. कचेरी तोंड फिरवते, पण जुने हेडक्लार्क त्यांच्या घरी जात राहतात. 'ते खाल्ल्या मिठाला जगले' हे वाक्य बरोबर आहे का? आणि कचेरीतले लोक त्यांना 'मिंधे' म्हणतात, ते चालेल का?

आधी 'जगले'चं 'जागले' करा. ही चूक आता छापील मजकुरातही दिसते. जागणे हे संस्कृत 'जागृ'कडून आलेलं. शब्दाला जागणे, वचनाला जागणे, उपकाराला जागणे, सगळीकडे अर्थ एकच: भान सुटू न देणं. मिठावर 'जगला' म्हटलं की नुसती गुजराण झाली. फारसी वळणाचा 'नमकहलाल' आपल्याकडे आहेच, पण मिठासाठी जागं राहण्याची कल्पना मला त्याहून सरस वाटते.

'मिंधा' हा 'शरमिंदा'चा अवशेष मानतात. म्हणजे शब्दातली शरम गळाली आणि ओझं तेवढं राहिलं! हल्लीच्या राजकारणाने त्याची शिवी केली, ते सोडा. मिंधा म्हणजे उपकाराखाली मान वाकलेला, मनातून नको असताना बांधला गेलेला माणूस. युद्धाआधी युधिष्ठिर पाया पडायला येतो तेव्हा भीष्म म्हणतात, 'अर्थस्य पुरुषो दासः', कौरवांनी मला अर्थाने बांधून घातलंय. एवढा मोठा माणूस, आणि मिंधेपणाची कबुली स्वतःच्या तोंडाने देतो. कर्णापुढे मात्र कृष्णाने राज्य ठेवलं होतं, सुटायला वाट होती; तरी तो दुर्योधनाला सोडून गेला नाही. तो जागला.

मीठ कुणाचं, हेही पाहावं लागतं. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाल्यावर रामशास्त्री प्रभुणे राघोबादादांची चाकरी सोडून गेले. म्हणून त्यांना कोणी नमकहराम म्हणत नाही. खाल्लेलं मीठ पेशव्यांच्या गादीचं होतं, दादांचं नव्हे.

तेव्हा तुमचे हेडक्लार्क साहेबांकडे डबा नेतात, वकील गाठून देतात, तोवर 'मिठाला जागले' खुशाल लिहा. विभागीय चौकशीत त्यांनी साहेबांसाठी खोटी साक्ष दिली, तर 'मिंधा' शब्द वापरा. पण तो कचेरीतल्यांच्या तोंडी नको, त्यांच्याच तोंडी घाला.